बचतीला कायदा आहे, साठ्याला नाही

गेल्या अंकात मी ऊर्जा संवर्धन कायद्याचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच निवडली आहेत. चोवीस वर्षं कारखान्यांची एनर्जी ऑडिट, म्हणजे ऊर्जा कुठे वाया जाते याची तपासणी, करते आहे, त्यामुळे उत्तरं बॉयलरच्या खोलीतून आल्यासारखी वाटली तर समजून घ्या.

ताई, ऊर्जा वाचवण्याचा कायदा 2001 चा आहे असं तुम्ही लिहिलंत. इतक्या वर्षांत मला ना नोटीस आली, ना कुणी घरी तपासायला आलं. मग हा कायदा असतो तरी कुठे?
– निवृत्त शिक्षक, सांगली

सर, तो तुमच्या स्वयंपाकघरात आहे. फ्रिजच्या दारावर स्टारचं लेबल दिसेल. त्यावर वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा छापलेला असतो. तो छापणं ही कंपनीची मेहरबानी नाही, कायद्याचं बंधन आहे.

हा कायदा 1 मार्च 2002 पासून लागू झाला आणि त्याच दिवशी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे ज्याला आम्ही बीईई म्हणतो, ते कार्यालय सुरू झालं. कायद्याचा जीव कलम 14 मध्ये आहे. उपकरणानं किमान किती कार्यक्षम असायला हवं ते ठरवायचं, त्याखालचा माल बनवायला आणि विकायला बंदी घालायची, लेबल सक्तीचं करायचं, मोठ्या वापराचे उद्योग कोणते ते ठरवायचं, इमारतींसाठी ऊर्जाबचतीची संहिता करायची, हे सगळे अधिकार या कलमानं केंद्र सरकारला दिले. तुमच्या-माझ्यासारख्या वापरणाऱ्याला त्यानं हात लावलेला नाही. त्यानं बनवणाऱ्याला धरलं, आणि माझ्या मते ते योग्यच केलं. कोट्यवधी घरांत तपासनीस पाठवण्यापेक्षा काही डझन कारखान्यांच्या दारात उभं राहणं केव्हाही सोपं.

लेबल 2006 मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झालं. 2010 पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि खोलीचे एसी यांना ते सक्तीचं झालं. छताच्या पंख्याला जानेवारी 2023 उजाडावा लागला. पंख्याला इतका उशीर झाला याचं मला आजही वाईट वाटतं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त तास फिरणारी वस्तू तीच आहे. जुना पंखा 75 वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा 28 ते 35 वॉटमध्ये तेवढाच वारा देतो.

तुमच्याकडे चारचाकी असेल तर तीही याच कायद्याखाली आली आहे. कंपनीनं वर्षभरात विकलेल्या सगळ्या मोटारींची मिळून सरासरी काढतात. 2017-18 पासून ती किलोमीटरला 130 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आत हवी होती, 2022-23 पासून 113 ग्रॅमच्या आत. पेट्रोलच्या भाषेत सांगायचं तर लिटरला अठरा किलोमीटरवरून एकवीसवर, अर्थात प्रयोगशाळेतल्या चाचणीत. 2022 च्या दुरुस्तीनं याला दात दिले. शंभर किलोमीटरमागे मर्यादेपेक्षा 0.2 लिटरपर्यंत जास्त इंधन लागत असेल तर विकलेल्या प्रत्येक गाडीमागे 25,000 रुपये, त्याहून जास्त असेल तर 50,000. गाडीमागे, हे लक्षात घ्या. लाखभर गाड्या विकणाऱ्याला हा आकडा झोप येऊ देणार नाही.

माझे चार ट्रक आहेत. विशाखापट्टणम आणि मंगळूरकडे सरकारनं जमिनीखाली तेल भरून ठेवलंय असं ऐकतो. उद्या आखातात भडका उडाला तर ते डिझेल आम्हाला किती दिवस पुरेल?
– ट्रान्सपोर्ट व्यावसायिक, कराड

आधी एक गैरसमज दूर करते. तिथे डिझेल नाही, कच्चं तेल आहे. ते रिफायनरीत जाईल, त्याचं डिझेल होईल, डेपोत येईल, मग तुमच्या पंपावर. म्हणजे हा साठा तुमच्या टाकीसाठी नाही, रिफायनरी बंद पडू नये यासाठी आहे. पहिले काही दिवस तुमचे ट्रक चालतील ते तेल कंपन्यांच्या स्वतःच्या टाक्यांवर.

जागा तीन आहेत. विशाखापट्टणमला 13.3 लाख टन, मंगळूरला 15 लाख टन आणि उडुपी जिल्ह्यात पाडूरला 25 लाख टन. एकूण 53.3 लाख टन. सरकारचा हिशेब असा की हे सगळं भरलेलं असेल तर देशाची साडेनऊ दिवसांची गरज भागते, आणि तेल कंपन्यांकडे आणखी साडेचौसष्ट दिवसांची साठवणक्षमता आहे. बेरीज 74 दिवस. मात्र साडेनऊचा आकडा 2019-20 च्या वापरावर काढलेला आहे. वापर वाढला की गुहा तेवढीच राहते आणि दिवस कमी होतात. शिवाय ही क्षमता आहे. तेवढं तेल दर दिवशी आत असतंच असं नाही.

आता या गुहा. मला त्यांच्याबद्दल लिहायला फार आवडतं. अखंड खडक फोडून बोगद्यासारखी लांबच लांब पोकळी केलेली असते. आतून पोलादाचा पत्रा नाही की सिमेंटचा थर नाही, उघडा खडक. मग तेल झिरपून जात नाही का? जात नाही, कारण गुहा मुद्दाम भूजलाच्या पातळीच्या बरीच खाली कोरतात. भोवतालच्या खडकातल्या बारीक भेगांमध्ये पाणी असतं आणि त्याचा दाब आतल्या तेलापेक्षा जास्त असतो. त्यामुळे तेल बाहेर जाण्याऐवजी पाणीच थेंबथेंब आत येतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून आलेलं पाणी तळाशी बसतं आणि पंपानं उपसून टाकतात. उन्हाळ्यात भूजल खाली गेलं तर पंचाईत होईल, म्हणून गुहेच्या वर आणखी बोगदे खणून तिथून खडकात सतत पाणी सोडतात. त्याला पाण्याचा पडदा म्हणतात. आपल्या विहिरीत उन्हाळ्यात जे झरे आटतात, तेच झरे इथे माणसानं बारा महिने जिवंत ठेवले आहेत आणि त्यांच्या जोरावर लाखो टन तेल कोंडून धरलं आहे.

तुमच्या प्रश्नाचं रोखठोक उत्तर: आखातातून येणारं सगळं तेल एकाएकी बंद होईल असं सहसा होत नाही. थोडं कमी होतं, जहाजं लांबच्या वाटेनं येतात, भाव चढतो. अशा वेळी हा साठा काही आठवड्यांची उसंत देतो. पण आपण गरजेच्या 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यामुळे संकट लांबलं तर तीन गुहा पुरणार नाहीत.

तोवर तुमच्या हातात आहे ते टायरमधल्या हवेचं माप. चारही ट्रकच्या टायरची हवा गाडी थंड असताना दर आठवड्याला तपासा आणि प्रत्येक ट्रकचं डिझेल वेगळ्या वहीत मांडा. चारांपैकी एक ट्रक बाकीच्यांपेक्षा जास्त पितो हे वही महिन्याभरात सांगते.

मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. ऊर्जाबचतीसाठी संसदेनं कायदा केला, तसा तेलसाठ्यासाठी आहे का? नसेल तर का नाही?
– वाचक, पुणे

नाही. आणि तो असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल अडवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. जे पिंप तीनेक डॉलरला मिळत होतं ते जानेवारी 1974 मध्ये 11.65 डॉलरला गेलं. मला अर्थात हे काहीच माहीत नव्हतं. मला आठवते ती साताऱ्यातल्या रेशनच्या दुकानासमोरची रॉकेलच्या डब्यांची रांग. डबे उन्हात, माणसं सावलीत. प्रत्येकाला आपला डबा पोच्यावरून ओळखता यायचा. घरी आल्यावर आई नरसाळ्यातून शेवटचा थेंब पडेपर्यंत डबा तिरका धरून उभी राहायची. भाताला एक उकळी आली की पातेलं उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायची आणि स्टोवर आमटी चढवायची. भात गोधडीतच शिजायचा. आमच्या घरातला हा पहिला ऊर्जा संवर्धन कायदा, आणि तो मोडायची कुणाची हिंमत नव्हती.

त्या धक्क्यातून बाहेर पडताना प्रत्येक देशानं काय लिहून ठेवलं ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेनं डिसेंबर 1975 मध्ये एकच कायदा केला आणि त्यात दोन्ही गोष्टी घातल्या. एकीकडे सरकारी तेलसाठा, जो पुढे टेक्सास आणि लुइझियानातल्या मिठाच्या गुहांत उभा राहिला. दुसरीकडे मोटारींच्या मायलेजची सक्ती, 1985 पर्यंत गॅलनला 27.5 मैल, म्हणजे लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास. जपाननं 1975 मध्ये साठ्याचा कायदा करून तेल कंपन्यांवर बंधन घातलं आणि 1979 मध्ये ऊर्जेच्या काटकसरीचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था नोव्हेंबर 1974 मध्ये स्थापन झाली. तिच्या तेल आयात करणाऱ्या सदस्य देशांना निव्वळ आयातीच्या किमान 90 दिवसांचा साठा ठेवावाच लागतो. भारत 2017 पासून सहयोगी सदस्य आहे, पूर्ण सदस्य नाही, त्यामुळे ती अट आपल्याला लागू होत नाही.

आपण तेव्हा स्वस्थ बसलो नव्हतो. फक्त आपले कायदे मालकीचे आणि शोधाचे होते. 1974 मध्ये एस्सो आणि 1976 मध्ये बर्मा शेल कायद्यानं ताब्यात घेतल्या, त्यांच्यापासून हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या. फेब्रुवारी 1974 मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं. त्याच वर्षी तेल उद्योग विकास कायदा झाला आणि देशातल्या कच्च्या तेलावरच्या उपकराची सोय झाली. समुद्रात स्वतःचं तेल सापडलं की साठ्याची निकड वाटत नाही. माझा अंदाज असा की आपल्याकडे साठ्याचा विषय मागे पडला तो त्या आनंदात.

पुढे 2004 मध्ये साठ्यासाठी सरकारी कंपनी निघाली आणि 2015 मध्ये विशाखापट्टणमची गुहा सुरू झाली. पण हे सगळं सरकारच्या निर्णयानं. तेलवाटपावर नियंत्रण आणायचं तर 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे, पण तो टंचाई आल्यावरचा. टंचाई येण्याआधी किती दिवसांचं तेल हाताशी हवंच, हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही.

निर्णय वाईट झाले असं नाही. एप्रिल-मे 2020 मध्ये जग घरात बसलं होतं आणि तेल मातीमोल झालं होतं, तेव्हा सरासरी 19 डॉलरच्या भावानं या गुहा भरून घेतल्या. त्यातून सुमारे 5,000 कोटी रुपये वाचले असं सरकारनं सांगितलं. उत्तम काम झालं. नोव्हेंबर 2021 मध्ये भाव चढल्यावर इतर देशांबरोबर 50 लाख पिंपं सोडण्याचंही जाहीर केलं. जुलै 2021 मध्ये ओडिशातल्या चंडीखोलला 40 लाख टन आणि पाडूरला आणखी 25 लाख टनांच्या गुहांना मंजुरी मिळाली. पण चांगला निर्णय आणि बंधन यांत फरक आहे. तिजोरी तंग असलेल्या वर्षी साठा भरायचा खर्च सगळ्यात आधी पुढे ढकलला जातो, कारण भरलेली गुहा कुणाला दिसत नाही. मला या कायद्यात तीन गोष्टी हव्या आहेत: किमान दिवस, त्याचा खर्च कोण आणि कसा उचलणार, आणि साठा सोडल्यावर संसदेपुढे त्याचा हिशेब. तू शोधनिबंधाचा विषय शोधत असशील तर हा घे.

एक मुद्दा मात्र तुझ्या प्राध्यापकांपुढे जपून मांड. याच ऊर्जा संवर्धन कायद्याखाली 2012 ते 2015 या काळात 478 मोठ्या कारखान्यांना ऊर्जा कमी करण्याचं लक्ष्य दिलं होतं. त्यांनी लक्ष्याहून जास्त, 86.7 लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवली. तिन्ही गुहांच्या क्षमतेपेक्षा हा आकडा मोठा आहे, म्हणून लोक टाळ्यांसाठी तो वापरतात. पण त्यात औष्णिक वीजकेंद्रं, सिमेंट आणि पोलाद होतं, म्हणजे वाचला तो मुख्यतः कोळसा. मोजमाप तेलाच्या टनांत आहे म्हणून तेल वाचलं असं होत नाही. तेल वाचतं ते गाडीच्या इंजिनात, जनरेटरमध्ये, भट्टीत आणि डिझेलच्या बॉयलरमध्ये. पुढचं पत्र त्याबद्दलच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात आमचा आंब्याच्या पल्पचा छोटा कारखाना आहे. बॉयलर डिझेलवर चालतो. हंगाम तीन महिन्यांचा. ऑडिट आम्हाला बंधनकारक आहे का? आणि करून फायदा काय?
– कॅनिंग व्यावसायिक

बंधनकारक नाही. कायद्यानं ज्यांना नामनिर्देशित ग्राहक म्हटलं आहे ते फार मोठे असतात. 2007 च्या अधिसूचनेत कापडगिरणीसाठी वर्षाला 3,000 टन तेलाइतकी ऊर्जा ही मर्यादा होती, सिमेंटसाठी 30,000. त्यांना एनर्जी मॅनेजर नेमावा लागतो, ठरावीक काळानं ऑडिट करून घ्यावं लागतं. तुम्ही त्यांच्या जवळपासही नाही. तरीही करा.

तुमच्यासारख्याच एका कारखान्यात मी मे महिन्यात गेले होते. गेटमधून आत शिरताच डाव्या हाताच्या गटारातून वाफा निघताना दिसल्या. गटाराच्या कडेला दोन बायका चवाळ्यांची पोती त्या गरम पाण्यात बुचकळून धूत होत्या. मालकांना विचारलं, हे पाणी कुठलं? म्हणाले, केटलचं. पल्प तापवायच्या दुहेरी भिंतीच्या केटलमध्ये वाफ सोडतात, ती थंड होऊन तिचं पाणी होतं, ते हे. थर्मामीटर धरला, 86 अंश. आणि बॉयलरच्या टाकीत विहिरीचं पाणी भरत होते, 28 अंशांचं.

आता हिशेब करा. बॉयलरला जाणारं पाणी 6 अंशांनी गरम झालं की साधारण 1 टक्का इंधन वाचतं. गटारात जाणारं पाणी त्याआधीच वळवून टाकीत घेतल्यावर टाकी 64 अंशांवर गेली. 36 अंश, म्हणजे 6 टक्के डिझेल. त्यासाठी लागला ऐंशी फूट पाईप, एक छोटा पंप आणि टाकीला लोकरीचं वेष्टण. शिवाय ते पाणी वाफेचं, त्यात क्षार नाहीत, त्यामुळे बॉयलरच्या ट्यूबांवर खवलं धरणंही कमी झालं. पोती धुणाऱ्या बायकांसाठी थोडं गरम पाणी वेगळ्या नळावर ठेवायला मी सांगितलं. ते मालकांनी विनातक्रार केलं, याचा मला ऑडिटइतकाच आनंद झाला.

दुसरं, धुराड्यातल्या वायूंचं तापमान बघा. तिथे साधा डायल थर्मामीटर लावता येतो. त्याच कारखान्यात तो 275 दाखवत होता. ट्यूबा उघडून ब्रशनं घासल्या, काजळीची अर्धी बादली निघाली, दुसऱ्या दिवशी काटा 220 वर. दर 22 अंशांमागे 1 टक्का धरा, म्हणजे अडीच टक्के. खर्च एका दिवसाच्या मजुरीचा. हंगाम संपल्यावर जून-जुलैत ट्यूबा घासून कोरड्या करून ठेवल्या नाहीत तर कोकणातल्या दमटपणात ती काजळी आम्लासारखी लोखंड खाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

तिसरं डब्यांच्या लाइनवरच्या, कॉम्प्रेसरनं दाबलेल्या हवेचं. जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रं बंद करून कॉम्प्रेसर तेवढा चालू ठेवा आणि कान द्या. सुस्कारे ऐकू येतात. साबणाचं पाणी ब्रशनं सांध्यांवर लावत जा, बुडबुडे येतील तिथे खडूनं खूण करा. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरच्या एका भोकातून 3 किलोवॉट वीज वाऱ्यावर जाते. हंगामात तुम्ही रात्रंदिवस चालता, म्हणजे एका भोकाचे रोजचे 72 युनिट. नव्वद दिवस धरले तर साडेसहा हजार युनिटांच्या आसपास, रबराच्या एका वॉशरअभावी.

हे तिन्ही तुम्ही ऑडिटर न बोलावता करू शकता. केल्यावर बोलवा, म्हणजे तुम्ही त्याला फी द्याल ती पुढच्या कामासाठी.

2022 च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण सोसायट्याही कायद्यात आल्या म्हणतात. आमची 40 फ्लॅटची 1998 ची इमारत आहे. आम्हाला काही करावं लागेल का?
– सोसायटीच्या सचिव, ठाणे

जुन्या इमारतीला धावपळ करायची गरज नाही. 1 जानेवारी 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं किमान 100 किलोवॉट जोडभार (सगळ्या उपकरणांचा मिळून भार) किंवा 120 केव्हीए करार मागणी (वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी) असलेल्या निवासी इमारतीही इमारतींच्या ऊर्जा संहितेच्या कक्षेत आणल्या आहेत, पण ही संहिता आहे ती नव्या बांधकामासाठी. राज्य सरकार ही मर्यादा आणखी खाली आणू शकतं. पुनर्विकासाचा विचार चालू असेल तर मात्र आत्ताच वास्तुविशारदांना याबद्दल विचारा. नकाशे मंजूर झाल्यावर भिंतीची जाडी आणि खिडक्यांची दिशा बदलता येत नाही.

1998 च्या इमारतीत पाण्याचा पंप बहुतेक त्याच काळातला असेल. गच्चीवरची टाकी रिकामी असताना सुरू करून ती भरायला किती मिनिटं लागतात आणि तेवढ्यात सोसायटीच्या मीटरवर किती युनिट पडतात, एवढं लिहून पाठवा. टाकी किती लिटरची आणि जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही लिहा. पंप बदलायचा की नुसता दुरुस्त करायचा, ते त्यावरून सांगते.